दार घेऊन चाललेला माणूस

लोरेटा कीपिंग टपाल खात्यातून निवृत्त झाली तेव्हा गावानं तिला कॅमेरा दिला. आधी घड्याळ द्यायचं ठरलं होतं. पण गावच्या कौन्सिलची चिटणीस डल्सी पाईक भर सभेत म्हणाली, "एकतीस वर्षांत जिनं एकदाही वेळेवर पत्र पोचवलं नाही, तिला घड्याळ देणं म्हणजे टोमणा मारल्यासारखं होईल." ते सगळ्यांना पटलं. लोरेटालाही पटलं.

हेरिंग आर्म हे न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावरचं चारशे वस्तीचं गाव. एक चर्च, मासळीचा एक कारखाना, एक दुकान आणि वर्षातले दोनशे दिवस धुकं. लोरेटानं आयुष्यात कधी फोटो काढला नव्हता. पण पाय चालायला सोकावलेले, घरी बसवेना. मग ती कॅमेरा गळ्यात अडकवून रोज सकाळी जुन्याच वाटेनं फिरू लागली.

पहिल्या आठवड्यात तिनं माणसांचे चेहरे टिपायचा प्रयत्न केला. लिअँडर क्रिच अंगणात शेवंडांचे सापळे दुरुस्त करत बसला होता. तोंडात खिळे, डोक्यावर तिरकी टोपी, फार छान दिसत होता. लोरेटानं कॅमेरा उचलला मात्र, लिअँडर उठला. खिळे काढले, टोपी काढली, केसांना पाणी लावलं, पुन्हा टोपी घातली. बायकोला हाक मारली. बायको एप्रन बदलायला आत गेली. ती येईपर्यंत लिअँडर म्हणाला, "थांब गं, तेवढ्यात चहा टाकतो." चहाबरोबर काकवी लावलेला पाव आला आणि पावाबरोबर लिअँडरच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकिकत आली. दोन तासांनी लोरेटा बाहेर पडली तेव्हा पोट भरलेलं होतं आणि कॅमेरा रिकामा.

असं पाच घरी झालं. सहाव्या दिवशी तिनं निर्णय घेतला, की या गावात माणसाचा फोटो काढायचा तर मागून काढायचा. पाठ चहाला बोलावत नाही.

आणि मग तिला पाठींचा नादच लागला. धक्क्यावर होडीची वाट बघत हात मागे बांधून उभा असलेला म्हातारा. दोरीवर चादरी वाळत घालणारी बाई, वाऱ्यानं चादर तिच्याच डोक्यावर. दुकानाबाहेर गप्पा मारणारे तिघे, तिघांचेही उजवे खांदे उतरलेले, कारण तिघांनीही जन्मभर उजव्या हातानं जाळं ओढलं. चेहऱ्यानं माणूस काहीबाही सांगतो, पण पाठीला खोटं बोलायची सवय नसते, असं तिचं मत झालं.

तिचा नवरा गस याला हे बिलकूल पसंत नव्हतं. गस कमी बोलायचा, पण या बाबतीत बोलला.

"लोक काय म्हणतील? गस कीपिंगची बायको गावाच्या ढुंगणांचे फोटो काढत हिंडते."

"पाठींचे, गस."

"पाठ संपते कुठे आणि ते सुरू होतं कुठे, हे कॅमेऱ्याला कोण सांगणार?"

तरी मे महिन्यात त्यानंच चर्चच्या सभागृहात, बिंगोच्या फळ्याशेजारी, तिचे बेचाळीस फोटो खिळे ठोकून लावून दिले. सगळं गाव लोटलं. प्रत्येकजण आपला फोटो शोधायला आला आणि कुणालाच तो सापडेना, कारण स्वतःची पाठ कुणी पाहिली आहे? बायकांनी नवऱ्यांना ओळखलं, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना ओळखलं. होडीवाला फॉन्स हिकी एका फोटोसमोर उभा राहून खो खो हसत होता. "हा टकल्या कोण रे? चांदीची वाटी पालथी घातल्यासारखं दिसतंय!" बायकोनं त्याच्या डोक्यावर टपली मारून सांगितलं, "तूच आहेस तो, मेल्या." फॉन्स त्या दिवसापासून घरातही टोपी घालू लागला.

जूनमध्ये तिनं आणखी एक फोटो त्या भिंतीवर लावला. पहाटे सहाला, दाट धुक्यात काढलेला. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक माणूस पाठीवर आख्खं दार घेऊन चालला आहे. डोकं, खांदे, कंबर सगळं दारामागे झाकलेलं. दिसतात ते फक्त दाराच्या कडा धरलेले हातमोजे, खाली मेणकापडी कोटाचा घेर आणि गमबूट. उजवा पाय पुढे पडलेला. बस्स. लोरेटानं हाक मारायच्या आत दार धुक्यात विरघळलं होतं.

उन्हाळ्यात हिमनग बघायला बाहेरचे लोक येतात, त्यांतल्या कुणीतरी भिंतीवरच्या या फोटोचा फोटो काढून नेला. महिन्याभरानं टोरांटोच्या एका मासिकाचं पत्र आलं. फोटो मुखपृष्ठावर छापायचा आहे, मात्र फोटोतल्या माणसाचं नाव आणि सही हवी. पत्रात शेवटी संपादकानं लिहिलं होतं: "या माणसाच्या चालीत एक दुर्मीळ प्रतिष्ठा आहे. ओझं वाहणारा वाकतो. हा वाकलेला नाही."

लोरेटानं हे पत्र सभागृहात वाचून दाखवलं आणि विचारलं, "कोण होतं रे ते?"

ही तिची चूक. नुसतं नाव विचारलं असतं तर गोष्ट एका दुपारी मिटली असती. पण ती प्रतिष्ठेची ओळ वाचायला नको होती. हेरिंग आर्ममधल्या पुरुषांना आजवर खूप काही म्हटलं गेलं होतं, पण चालीत प्रतिष्ठा आहे असं कुणाला कुणी म्हटलं नव्हतं, त्यांच्या आयांनीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिअँडर दारात उभा.

"लोरेटा, सांगणार नव्हतो. पण तो मी."

"तू? दार घेऊन कुठे चालला होतास?"

"न्हाणीघराचं दार. रंधा मारायला नेत होतो."

दुपारी फॉन्स आला. तोही सांगणार नव्हता. त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याचं दार होतं. लोरेटा म्हणाली, "फॉन्स, कोंबड्यांच्या खुराड्याला माणसाएवढं दार?" फॉन्स गंभीरपणे म्हणाला, "मी वाकत नाही, लोरेटा. पत्रात लिहिलंच आहे."

शुक्रवारपर्यंत सहा जण झाले. प्रत्येकजण पुरावा म्हणून आपापलं दार बिजागऱ्यांतून उपटून घेऊन आला आणि लोरेटाच्या कुंपणाला टेकवून गेला. एकानं तर जुन्या ट्रकचं दार आणलं, ते लोरेटानं परत पाठवून घराचं आणायला लावलं. लिअँडरच्या घरी न्हाणीघराला दार नाही म्हणून आत जाणाऱ्यानं मोठ्यानं गाणं म्हणायचं असा नियम झाला, आणि त्याच्या सासूला एकच गाणं येत होतं. तिचं पोटही नाजूक. आळीला ते गाणं पाठ झालं.

शनिवारी सकाळी लोरेटा स्वयंपाकघरात आली तर फडताळाच्या खोलीचं दार गायब. मांजर आत बसून खारवलेला मासा खात होतं. बाहेर कुंपणाशी सातवं दार, आणि त्याच्याजवळ गस.

"गस, तूसुद्धा?"

गस बुटांकडे बघत म्हणाला, "असू शकतो मी."

"छत्तीस वर्षं मी तुला पाठमोरा बघतेय. तुझे पाय बदकासारखे बाहेर वळतात. आणि त्या दिवशी सहा वाजता तू घोरत होतास."

"सगळ्यांनीच दारं आणली," गस म्हणाला. "मी एकटाच हात हलवत फिरतोय, बरं दिसत नाही."

तिनं मांजराला बाहेर काढलं आणि त्या खोलीला चादर लावली.

अखेर डल्सी पाईकनं प्रकरण हातात घेतलं. डल्सीला नियम आवडत. कौन्सिलच्या बैठकीत तिनं ठराव मांडला की सातही जणांची ओळखपरेड घ्यावी. तोच रस्ता, तसंच धुकं, तसाच कोट. प्रत्येकानं दार पाठीवर घेऊन चर्चच्या फाटकापासून कारखान्यापर्यंत चालायचं, लोरेटानं मागून फोटो काढायचा आणि मग ताडून बघायचं. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण कौन्सिलच्या पाच सभासदांपैकी तिघे उमेदवार होते.

आणि धुकं गेलं. कधी नव्हे ते आठ दिवस लख्ख ऊन पडलं. एरवी उन्हासाठी जीव टाकणारं गाव तोंड वाकडं करून आकाशाकडे बघत राहिलं. सातही जण मेणकापडी कोट घालून घामाघूम होत रोज सकाळी फाटकाशी जमत आणि डल्सी शिट्टी न वाजवताच त्यांना घरी पाठवी. नवव्या दिवशी धुकं आलं, पण वारा घेऊन आलं.

"चालेल," डल्सी म्हणाली आणि शिट्टी फुंकली.

लिअँडर पहिला. तो मान ताठ ठेवून, गुडघे न वाकवता असा चालला की जणू चर्चमधून राणी येतेय. फॉन्स दुसरा. तो चार पावलं गेला आणि वाऱ्यानं त्याच्या दाराखाली हात घातला. फॉन्स दार सोडीना आणि वारा फॉन्सला सोडीना. दोघं मिळून पळत सुटले, कारखान्याचं वळण न घेता सरळ गेले आणि पाद्रीबाबांच्या बटाट्याच्या वाफ्यात जाऊन पडले.

दाराखालून फॉन्सचा आवाज आला. "लोरेटा! फोटो आला का?"

"आला!"

"चाल कशी दिसली?"

"जलद!"

उरलेल्या पाच जणांची कथा वेगळी सांगायला नको. गसचं दार दोनदा फिरलं, त्यामुळे त्यानं अर्धी वाट उलट्या दिशेनं कापली. शेवटी सगळे एकमेकांना बटाट्यांतून काढत असताना डल्सीनं वहीत लिहिलं, "निष्कर्ष नाही."

त्या संध्याकाळी लोरेटा सातही फोटो संगणकावर उघडून बसली, शेजारी मूळ फोटो. बघता बघता तिच्या लक्षात आलं की हे सातही जण दिमाखात चालले आहेत आणि मूळ फोटोतला माणूस दिमाखात चालत नाहीये. तो कशापासून तरी दूर चालला आहे. तिनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. इतके दिवस सगळं गाव पायांकडे बघत होतं, दाराकडे कुणीच पाहिलं नव्हतं. धुक्यातून दारावरची पत्रं टाकायची फट दिसू लागली. ती दाराच्या मधोमध नव्हती, अगदी एका टोकाला होती.

लोरेटाची कंबर आपोआप दुखली.

या गावात अशी फट एकाच दाराला होती. अर्सुला डॅलीच्या. तिच्या नवऱ्यानं, अ‍ॅम्ब्रोजनं, लग्नाच्या वर्षी ते दार उलटं बसवलं. चूक कळली तेव्हा बिजागऱ्या गंजून गेल्या होत्या. त्यामुळे वरच्या टोकाची फट नडगीपाशी आली आणि सहा नंबरच्या घरावर नऊ आकडा आला. एकतीस वर्षं लोरेटा त्या फटीत पत्र टाकायला जमिनीपर्यंत वाकत होती. आता टपाल रस्त्याच्या टोकावरच्या पेट्यांत येतं, त्यामुळे कुणी कुणाच्या पुढच्या दाराला जात नाही, आणि गावातली माणसं तर सदाचीच मागच्या दारानं ये-जा करणारी. त्यात अर्सुलाचं पुढचं दार खाडीकडे तोंड करून, ते गेलं तरी कळणार कुणाला?

सकाळी लोरेटा अर्सुलाच्या घरी गेली. पुढच्या दाराच्या जागी फळ्या ठोकलेल्या होत्या. मागच्या दाराशी सत्तरीची अर्सुला चादरी पिळत होती. खुंटीला अ‍ॅम्ब्रोजचा मेणकापडी कोट. अ‍ॅम्ब्रोज जाऊन तीन वर्षं झाली होती.

लोरेटानं फोटो पुढे केला. अर्सुलानं हात पुसले, चष्मा लावला आणि फोटो डोळ्यांजवळ धरला.

"तूसुद्धा गं?" शेवटी ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दारापायी जीव नकोसा झाला होता मला. कुणीतरी कुठेतरी लिहिलं, हेरिंग आर्मला गेलात तर उलटं दार बघा. झालं. रोज गळ्यात तीन तीन कॅमेरे घातलेली माणसं. एकानं तर सकाळी साडेपाचला मला पायरी झाडताना धरलं. म्हणतो, आजी, जरा आत जाऊन पुन्हा बाहेर या, आता उजेड छान पडलाय. मी झोपायच्या झग्यात! म्हटलं, बाळा, तू करतोस काय? म्हणाला, मी साध्या माणसांचं साधं जगणं टिपतो. म्हटलं, मग मला ते जगू दे की मेल्या."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी ते उठायच्या आत बिजागऱ्या काढल्या, अ‍ॅम्ब्रोजचा कोट घातला, दार पाठीवर टाकलं आणि खाडीपलीकडे बहिणीच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. वाटलं, धुकं आहे, कुणी बघणार नाही." ती लोरेटाच्या कॅमेऱ्याकडे बघून थांबली. "आणि तू तिथे."

लोरेटाचा चेहरा कानापर्यंत तापला. तिला आजवर वाटत होतं, ती आणि ते तीन तीन कॅमेरे घालून येणारे वेगळे. ती गावची. ती कुणाला आत जा, बाहेर या म्हणत नाही. पण पाठीमागून काढलेला फोटो हा न विचारता काढलेला फोटो असतो, हे तिच्या डोक्यात त्या मिनिटापर्यंत आलंच नव्हतं. ती खुर्चीत बसली.

"फाडून टाकते मी. मासिकाला नाही म्हणून कळवते. आणि भिंतीवरचे बाकीचेही काढते."

"थांब. त्या पत्रात काय लिहिलं होतं म्हणालीस?"

लोरेटानं वाचलं. दुर्मीळ प्रतिष्ठा. हा वाकलेला नाही.

अर्सुला हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग टेबल हललं. "प्रतिष्ठा कसली डोंबलाची! अगं, वाटेत पोटात कळ आली होती. दार खाली ठेवावं तर पुन्हा उचलता येईना, आणि वाकले असते तर तिथेच सगळं झालं असतं. म्हणून ताठ चालले होते!"

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग अर्सुलानं डब्यातलं दूध घालून चहा केला आणि फोटो खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. "चांगला आलाय हां," ती हळूच म्हणाली. "अ‍ॅम्ब्रोजचा कोट कसा दिसतोय बघ. मी नव्हे, तोच चालल्यासारखा दिसतोय."

"मग छापायचा?"

"छाप. पण माझं नाव नको. नाव आलं की ते परत येतील, या वेळी मला बघायला."

"सही तरी कुणाची द्यायची?"

अर्सुलानं चहाचा कप खाली ठेवला. "त्या सात खुळ्यांची दे. बिचाऱ्यांनी दारं वाहिलीत."

लोरेटानं ते डल्सीला सांगितलं, तेही सगळं नाही. एवढंच, की खरा माणूस कळला आहे, त्याला नाव नको आहे, आणि त्यानं सातही जणांना सही करायची परवानगी दिली आहे. डल्सीनं त्याचा ठराव केला. ऑक्टोबरमध्ये मासिक आलं. मुखपृष्ठावर एक माणूस, दोन पाय, एक दार, आणि खाली सात नावं. ऑगस्टीन कीपिंग, म्हणजे गस, सर्वांत शेवटी. त्यानं त्या अंकाच्या चार प्रती घेतल्या आणि त्याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलला नाही. फक्त चालताना पाय सरळ टाकायचा प्रयत्न करू लागला, त्यानं त्याचे गुडघे दुखले.

लोरेटा अजूनही पाठींचेच फोटो काढते. पण आता प्रत्येक फोटो भिंतीवर जायच्या आधी त्या माणसाच्या घरी जातो. माणूस नको म्हणाला तर ती तो त्यालाच देऊन टाकते. भिंतीवर आता त्रेचाळीसच्या जागी एकोणतीस आहेत. फॉन्सनं आपला काढून नेला आणि त्याच्या बायकोनं तो गुपचूप परत आणून दिला, तो धरून.

अर्सुलाचं दार गस आणि लिअँडरनं शेडमधून आणलं आणि या वेळी सुलटं बसवलं. सहा नंबरच्या घरावर सहा आकडा आला. पुढच्या जूनमध्ये कॅमेरेवाले आले, घरासमोरून दोनदा गेले आणि गोंधळून दार ठोठावून विचारू लागले, "इथे ते उलटं दार कुठे आहे हो?"

"ते दार वारलं," अर्सुला सांगायची आणि सुलटं दार लावून घ्यायची.

पण रिकाम्या हातांनी परत कुणी गेलं नाही. मासिकावरची सात नावं वाचून बाहेरच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं, की हेरिंग आर्मची ही फार जुनी प्रथा असणार, सात पुरुष पाळीपाळीनं दार वाहतात. कुणीतरी लिअँडरला विचारलं, हे केव्हा असतं? लिअँडर क्षणभरही अडखळला नाही. "मंगळवारी," तो म्हणाला.

त्यामुळे आता मंगळवारी असतं. धुकं असो वा ऊन, सकाळी दहाला सात जण मेणकापडी कोट घालून चर्चच्या फाटकाशी जमतात, डल्सी शिट्टी वाजवते आणि दारं निघतात. पाद्रीबाबांनी बटाटे दुसरीकडे लावले आहेत.

अर्सुला घडीची खुर्ची आणि विणकाम घेऊन वळणावर येऊन बसते. तिचा एकही मंगळवार चुकत नाही. परवा फॉन्स दार घेऊन तिच्यासमोरून ऐटीत चालला होता, आणि गळ्यात तीन कॅमेरे घातलेला एक तरुण गुडघ्यावर बसून त्याला टिपत होता. त्यानं मान वर करून अर्सुलाला नम्रपणे हात केला.

"आजी, माफ करा हं, जरा बाजूला व्हाल का? तुम्ही मध्ये येताय."

"होते की बाळा," अर्सुला म्हणाली आणि खुर्ची उचलून, हसत हसत, चांगली दहा पावलं बाजूला झाली.